परदेशात एकाच वेळी दोन मास्टर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी शिक्षणाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना हा विषय कधी ना कधी निघतोच. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जातोच आहोत, तर परत येताना हातात दोन पदव्या का नसाव्यात? विचार चुकीचा नाही. फक्त याचं उत्तर एका ठिकाणी मिळत नाही. विद्यापीठ एक सांगतं, व्हिसाच्या अटी दुसरंच सांगतात, आणि आठवड्यात तास किती असतात हे तर कुणी सांगतच नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एकत्र घेऊन सविस्तर उत्तरं देत आहे.

एकाच वेळी दोन मास्टर्स करता येतात का? आधी थोडक्यात सांगा.

येतात, पण बहुतेकांच्या मनात असतो त्या मार्गाने नाही. दोन ठिकाणी स्वतंत्र अर्ज करायचे, दोन्हीकडे पूर्णवेळ प्रवेश घ्यायचा आणि दोन्ही एकदम रेटायचे, हा मार्ग बऱ्याच देशांत एक तर बंद असतो किंवा इतका अरुंद असतो, की त्यातून गेल्यावर हाती फारसं काही लागत नाही. खुला मार्ग वेगळा आहे. विद्यापीठांनी आपसात करार करून दोन पदव्या आधीच जोडलेल्या असतात, काही क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे गुण) दोन्हीकडे धरली जातात, वेळापत्रक एकमेकांत बसवलेलं असतं. माझं स्पष्ट मत असं, की दोन पदव्या हव्याच असतील तर जोडलेल्या शोधा, स्वतः जोडायला जाऊ नका. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

ड्युअल डिग्री, जॉइंट डिग्री आणि दोन वेगळे प्रवेश, यांत फरक काय?

जॉइंट डिग्रीत दोन किंवा जास्त विद्यापीठं मिळून एकच पदवी देतात आणि प्रमाणपत्रावर सगळ्यांची नावं असतात. ड्युअल किंवा डबल डिग्रीत दोन वेगळी प्रमाणपत्रं मिळतात, पण अभ्यासक्रम एकत्र आखलेला असतो. दोन वेगळे प्रवेश म्हणजे एका अभ्यासक्रमाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नसतो आणि सगळा मेळ तुम्हालाच घालावा लागतो.

उदाहरणांनी हे लवकर समजेल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स या कार्यक्रमात दोन वर्षांत एमबीए आणि इंजिनिअरिंगमधली मास्टर्स अशा दोन पदव्या मिळतात. हार्वर्डमध्ये एमबीए आणि सार्वजनिक धोरणातली मास्टर्स वेगवेगळी केली तर प्रत्येकी दोन, म्हणजे चार वर्षं लागतील. जोडून केली तर तीन. पॅरिसचं सियॉन्स पो आणि लंडनचं एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) यांच्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या जोडपदवीत पहिलं वर्ष पॅरिसला आणि दुसरं लंडनला होतं. युरोपातल्या इंजिनिअरिंग संस्थांचं टाइम नावाचं जाळं १९८९ पासून अशाच दुहेरी पदव्यांसाठी चालतं. आणि इरॅस्मस मुंडुस हा युरोपीय संघाचा कार्यक्रम तर २००४ पासून विद्यार्थ्यांना एकाहून जास्त देशांत शिकवून जॉइंट किंवा अनेक पदव्या देतो आहे, तोही चांगल्या स्कॉलरशिपसह. दोन पदव्यांचा ध्यास असेल तर शोधाची सुरुवात इरॅस्मस मुंडुसच्या यादीपासून करा. खर्चाची चिंता असलेल्या घरांतल्या मुलांना इतका चांगला दुसरा पर्याय क्वचितच सापडतो.

विद्यापीठाची परवानगी लागते का? ती कुठे बघायची?

लागते. तिची माहिती प्रवेशाच्या पानावर सहसा नसते. ती विद्यापीठाच्या शैक्षणिक नियमावलीत असते. तिथे ‘एकाच वेळी दुसऱ्या अभ्यासक्रमात नोंदणी’ अशा अर्थाचं कलम शोधा. अनेक ब्रिटिश विद्यापीठं लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला नोंदणी करू देत नाहीत. जर्मनीत समांतर नोंदणीची सोय आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि दोन्ही अभ्यासक्रम वेळेत झेपतील हे पटवून द्यावं लागतं. जागा मर्यादित असलेल्या विषयांत तर हे आणखी कठीण. एका विद्यार्थ्याने दोन जागा अडवल्या तर दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते.

इटलीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे १९३३ च्या एका राजाज्ञेने एका वेळी दोन विद्यापीठीय अभ्यासक्रम करायला मनाई होती आणि ती जवळजवळ नव्वद वर्षं टिकली. एप्रिल २०२२ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने ती उठली. पण उठवतानाही अटी घातल्या: दोन्ही अभ्यासक्रम एकाच वर्गवारीतले नसावेत, त्यांच्यातला निदान दोन तृतीयांश भाग वेगळा असावा, आणि सक्तीची हजेरी असलेला अभ्यासक्रम दोहोंपैकी एकच असावा. तुमचा देश कोणताही असो, या अटी स्वतःच्या निवडीला लावून बघा. दोन पदव्यांमध्ये खरंच दोन तृतीयांश नवं काही आहे का? दोन्हीकडे रोज हजर राहावं लागणार आहे का? इथेच अनेकांचा निर्णय होऊन जातो.

व्हिसा एकच असतो. मग दुसऱ्या पदवीचं काय?

स्टुडंट व्हिसा हा सहसा एका संस्थेच्या आणि एका मुख्य अभ्यासक्रमाच्या नावावर असतो. दुसरी पदवी त्या व्हिसाच्या दृष्टीने अवांतर ठरते. तिला मनाई असेलच असं नाही, पण तिचा आधार घेऊन तुम्ही त्या देशात राहू शकत नाही.

अमेरिकेत एफ-१ या स्टुडंट व्हिसावर असताना तुमचा आय-२०, म्हणजे प्रवेशाचा जो दाखला विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो, एकाच संस्थेचा असतो. दोन मान्यताप्राप्त संस्थांत एकाच वेळी शिकायला परवानगी आहे, दोन्हींचा भार मिळून पूर्णवेळ भरला तरी चालतो. पण हे आय-२० देणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी कळवून, त्यांच्या संमतीने व्हायला हवं. त्यामुळे एकाच विद्यापीठातली ड्युअल डिग्री सगळ्यात सोपी जाते: दोन्ही विषय एकाच नोंदीत चढतात आणि अभ्यासक्रमाची शेवटची तारीख दोन्ही पदव्या धरून ठरते.

ब्रिटनमध्ये तुमची प्रायोजक संस्था, म्हणजे जिच्या प्रवेशावर व्हिसा मिळतो ती, एकच. मुख्य अभ्यासक्रमाच्या जोडीला पूरक म्हणून दुसरं काही शिकायला हरकत नाही, विषय वेगळा असला तरी. अट इतकीच, की त्यामुळे मुख्य अभ्यासाची प्रगती अडता कामा नये. दुसरी पूर्णवेळ मास्टर्स या व्याख्येत बसवणं अवघड आहे. जर्मनीत निवास परवाना तुमच्या अभ्यासाच्या उद्देशाला बांधलेला असतो, म्हणून मुख्य विषय बदलायचा झाला तर परदेशी नागरिक कार्यालयाशी आधी बोलावं लागतं.

ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२३ च्या आधी काही विद्यार्थी विद्यापीठात प्रवेश घेऊन पोचायचे आणि लगेच त्याच्या जोडीला स्वस्त व्यावसायिक अभ्यासक्रमात दुसरी नोंदणी करून मूळ अभ्यासाकडे पाठ फिरवायचे. सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ती समांतर नोंदणीची वाट बंद केली. तेव्हापासून एकाच वेळी दुसरीकडे नोंदणी म्हटलं, की तिकडे भुवया उंचावतात. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी तुमच्या अर्जाकडे त्याच नजरेने पाहिलं जाऊ शकतं, हे ध्यानात ठेवा.

एक पदवी वर्गात बसून आणि दुसरी ऑनलाइन, असं केलं तर?

वर ज्या अपवादांबद्दल बोललो त्यातला हा सगळ्यात व्यवहार्य. मुख्य मास्टर्स पूर्णवेळ आणि दुसरी ऑनलाइन, अर्धवेळ, सेमिस्टरला एखादाच विषय. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली. त्यानंतर अशा पदव्यांकडे कमी दर्जाच्या म्हणून पाहण्याची सवय हळूहळू गेली. मात्र ऑनलाइन पदवीवर व्हिसा मिळत नाही. अमेरिकेत तर पूर्णवेळ भार मोजताना एका सत्रात फक्त एक ऑनलाइन विषय किंवा तीन क्रेडिटच धरली जातात. म्हणजे मुख्य पदवीचा भार तिच्या स्वतःच्या वर्गांतूनच पूर्ण व्हायला हवा.

एक सुचवतो. ऑनलाइन पदवी मुख्य पदवीच्या पहिल्या सत्रात सुरू करू नका. नवा देश, नवी शिकवण्याची पद्धत, नवी भाषा, घर शोधणं, बँक, विमा, यातच पहिले महिने जातात. पहिल्या सत्राचे गुण हातात आले की मग ठरवा.

अभ्यासाचा भार खरंच किती असतो? मी मेहनती आहे.

मेहनतीबद्दल शंका नाही. पण थोडं गणित मांडू या.

युरोपात एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासाला ६० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजण्याची सामायिक पद्धत) क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. यात वर्ग, वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. ब्रिटनमधली एका वर्षाची मास्टर्स १८० क्रेडिटची, एका क्रेडिटला दहा तास, म्हणजे पुन्हा १८०० तासच. दोन पूर्णवेळ पदव्या म्हणजे वर्षाला ३००० ते ३६०० तास. वर्षातल्या ५२ आठवड्यांत भागले तर आठवड्याला साधारण ५८ ते ६९ तास, तेही एकही आठवडा सुट्टी न घेता. आजारपण, घरच्या आठवणीने उदास गेलेले दिवस, भाड्याच्या घरात बंद पडलेला हीटर, यातलं काहीच या हिशेबात धरलेलं नाही. त्यात आठवड्याला वीस तास पार्ट-टाइम काम जोडा. स्वयंपाक, धुणं, प्रवास जोडा. मग झोपेला काय उरतं ते तुम्हीच मोजा.

आणि हे आकडे सरासरीचे आहेत. खरा त्रास सरासरीत दिसत नाही. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात, दोन्ही प्रबंध एकाच उन्हाळ्यात द्यायचे असतात, एका लॅबची सक्तीची हजेरी दुसरीकडच्या सेमिनारवर आदळते. भार वर्षभर पसरत नाही, तो साचून एकदम अंगावर येतो. हुशार, मनापासून राबणारी मुलं या काळात अपुरी झोप आणि एकटेपणाने आतून खचलेली मी पाहिली आहेत. ती घरी फोनवर ‘सगळं छान चाललंय’ म्हणतात. म्हणून हे कळकळीने सांगतो: तासांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दुसरा अर्ज भरू नका.

जोडअभ्यासक्रमात हा बोजा का हलका होतो, तेही याच गणितातून कळतं. युरोपातल्या अनेक डबल डिग्रीत एकूण १२० क्रेडिटच करायची असतात, एक वर्ष एका विद्यापीठात, एक वर्ष दुसऱ्यात, आणि दोन्ही विद्यापीठं एकमेकांची क्रेडिट मान्य करून आपापली पदवी देतात. पदव्या दोन, पण काम एका मास्टर्सचं किंवा त्याहून थोडं जास्त.

दोन्हीकडे एकच प्रबंध दिला तर चालेल का?

जोडअभ्यासक्रमात तशी तरतूद असेल तर बिनदिक्कत. एमआयटीच्या वर सांगितलेल्या कार्यक्रमात भागीदार कंपनीतल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर एकच प्रबंध लिहिला जातो.

दोन स्वतंत्र प्रवेश असतील तर मुळीच नाही. स्वतःचंच काम दुसऱ्यांदा नवं म्हणून देणं हीसुद्धा बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत वाङ्मयचौर्यात मोडणारी गोष्ट आहे. आणि तपासणीचं सॉफ्टवेअर ती सहज पकडतं. दोन प्रबंधांचे विषय जवळचे ठेवायचे असतील तर दोन्ही गाईडना एकमेकांबद्दल आधी सांगा. एकाच माहितीसाठ्यावर दोन वेगळे प्रश्न घेऊन काम करता येतं, पण ते उघडपणे आणि लेखी ठरवून.

एका पदवीची क्रेडिट दुसरीला लावता येतील?

काही प्रमाणात, आणि फक्त आधी विचारलं तर. किती क्रेडिट दोन्हीकडे धरायची याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाने ठरवलेली असते. आधीच्या एका पदवीसाठी वापरलेली क्रेडिट दुसऱ्या पदवीला लावायला काही ठिकाणी पूर्ण बंदी असते. विषय निवडण्याआधी विभागाकडून ईमेलवर उत्तर घ्या. वर्ग संपल्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सहसा ‘नाही’ असतं.

दोन मास्टर्स केल्या तर शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी मुदत दुप्पट होते का?

नाही. या एका गैरसमजापायी जितके पैसे वाया जातात, तितके दुसऱ्या कशापायी जात नसतील. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, शिक्षणाच्या प्रत्येक पातळीला १२ महिने मिळते. दोन्ही मास्टर्स एकाच पातळीच्या, म्हणून १२ महिने एकदाच. पहिल्या मास्टर्सनंतर ते वापरून टाकलं आणि मग दुसरी केली, तर दुसरीनंतर नवं ओपीटी नाही. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या ठरावीक विषयांना मिळणारी २४ महिन्यांची मुदतवाढही अशीच पातळीला बांधलेली आहे. तिथे दुसरी पदवी एकाच परिस्थितीत उपयोगी पडू शकते. ज्याचं शिक्षण अशा विषयात नाही, त्याने जोडीला तशा विषयातली मास्टर्स केली तर मुदतवाढीचं दार उघडू शकतं. एमबीएसोबत इंजिनिअरिंगची जोडी लोकप्रिय असण्याचं हेही एक कारण. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत अमेरिकन मास्टर्स किंवा त्यावरच्या पदवीसाठी ज्या २०,००० वेगळ्या जागा आहेत, त्यांना एक पदवी पुरते. दुसरीमुळे चिठ्ठी दोनदा पडत नाही.

कॅनडात शिक्षणानंतरचा वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतो. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स दोन वर्षांहून लहान असली तरी, बाकी अटी पूर्ण होत असतील तर, तो तीन वर्षांचा मिळू शकतो. म्हणजे परमिट लांबवण्यासाठी दुसरी पदवी जोडण्याचं जे कारण पूर्वी सांगितलं जायचं, तेही उरलेलं नाही. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसाही एकदाच मिळतो. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंत मुदत आहे, ती पदव्या मोजून वाढत नाही.

एखादा एजंट ‘दोन पदव्या घ्या, जास्त वर्षं राहता येईल’ असं सांगत असेल तर त्याच्याकडे एकच मागा: हे कोणत्या नियमात लिहिलंय ते दाखवा.

मग एकाच वेळी करण्यापेक्षा एकामागून एक केल्या तर?

अभ्यासाच्या दृष्टीने हे नक्कीच बरं. पहिली पदवी नीट पार पडते, आणि वर्षभर काम केल्यावर दुसरी खरंच हवी आहे का, तेही कळतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर ‘नको’ येतं.

अडचण व्हिसाची. ब्रिटनमध्ये नवा अभ्यासक्रम सहसा आधीच्यापेक्षा वरच्या पातळीचा असावा लागतो. त्याच पातळीवर दुसरी मास्टर्स करायची तर ती आधीच्या विषयाशी निगडित आहे किंवा तुमच्या खऱ्याखुऱ्या करिअर उद्दिष्टाला मदत करते, हे संस्थेने मान्य करावं लागतं. अमेरिकेत एका मास्टर्सनंतर दुसरी करण्याची वाट आजवर मोकळी होती. पण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या गृहसुरक्षा विभागाने मांडलेल्या प्रस्तावात त्याच किंवा खालच्या पातळीचा नवा अभ्यासक्रम एफ-१ वर करायला मनाई सुचवलेली होती. तुम्ही अर्ज कराल त्या वेळी काय लागू आहे ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून तपासूनच पुढे जा.

कोणत्या विषयांची जोडी खरंच उपयोगी पडते?

एका पदवीने जे काम करता येत नाही ते दुसरी करून देते का, हे बघा. कायदा आणि सार्वजनिक धोरण, नगररचना आणि वाहतूक अभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य आणि संख्याशास्त्र, इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन. या जोड्यांत दोन वेगळ्या विचारपद्धती एका माणसात येतात आणि अशा माणसांची गरज असलेली कामं प्रत्यक्षात आहेत. शहराचा रस्ता आखणाऱ्याला जमिनीचा वापरही कळत असेल तर तो वेगळाच रस्ता आखतो.

याउलट डेटा सायन्स, बिझनेस अ‍ॅनालिटिक्स आणि संगणकशास्त्र यांतल्या कोणत्याही दोन घेतल्या तर निम्मं शिक्षण तेच ते होतं. तिथे दुसऱ्या पदवीऐवजी एखादं प्रमाणपत्र, दोन-तीन निवडक विषय किंवा चांगली इंटर्नशिप पुरते.

नोकरी देणारे दोन पदव्यांकडे कसं बघतात?

जोडी समजण्यासारखी असेल तर कौतुकाने. नसेल तर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो: का? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर पदव्यांची संख्या तुमच्या विरोधात जाऊ शकते. समोरच्याला वाटतं, याला काय करायचंय हे अजून ठरलेलं नाही. शिवाय दोन पदव्या करताना इंटर्नशिपला वेळ मिळत नाही, आणि पहिल्या नोकरीसाठी चांगल्या इंटर्नशिपचं वजन दुसऱ्या पदवीहून जास्त असतं. अमेरिकेत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पूर्णवेळ काम करण्याची सीपीटी परवानगी मिळते, पण तीही सांभाळून वापरा. १२ महिने किंवा जास्त पूर्णवेळ सीपीटी केली तर त्या पातळीचं ओपीटी गमावता.

पुढे पीएचडी करायची आहे. मग तर दोन मास्टर्स फायद्याच्या?

मला तसं वाटत नाही. पीएचडीला घेणारे प्राध्यापक एक भक्कम प्रबंध आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसांची शिफारसपत्रं बघतात. दोन घाईघाईचे प्रबंध हे काम करत नाहीत. अपवाद तेवढा आंतरविद्याशाखीय संशोधनाचा.

खर्च, स्कॉलरशिप आणि पार्ट-टाइम काम यांचं काय?

दोन स्वतंत्र प्रवेश म्हणजे दोन फी. जोडपदवीत बहुतेकदा त्या त्या वर्षी ज्या विद्यापीठात शिकता तिथलीच फी भरावी लागते, पण दोन वर्षांची फी दोन देशांत अगदी वेगळी असू शकते. दोन्ही वर्षांचा आकडा अर्जाआधीच काढा.

स्कॉलरशिपचं पत्र शब्दन् शब्द वाचा. अनेक स्कॉलरशिप एका ठरलेल्या अभ्यासक्रमालाच असतात आणि दुसरीकडे नोंदणी केली तर थांबू शकतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी स्कॉलरशिप ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सला मिळते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. तिच्या जोडीला तिथेच दुसऱ्या पदवीची योजना आखता येत नाही.

कामाचे तास पदव्यांनुसार वाढत नाहीत. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, अमेरिकेत कॅम्पसवर २० तास, आणि जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. या कमाईवर दुसरी फी निघेल असं धरून कुणीही चालू नये.

एका विद्यापीठाला दुसऱ्याबद्दल सांगितलंच नाही तर?

हे करू नका. प्रवेश अर्जात किंवा नोंदणीच्या वेळी ‘सध्या दुसरीकडे शिकत आहात का’ असं अनेक ठिकाणी विचारलेलं असतं आणि त्याखाली तुमची सही असते. खोटं उत्तर सापडलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि प्रवेश गेला की त्यावर उभा असलेला व्हिसाही जातो. पदवी मिळाल्यानंतर उघड झालं तरी ती काढून घेण्याचा अधिकार बऱ्याच विद्यापीठांकडे असतो. शिवाय दोन ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकांवर, त्याच तारखा असतात. पुढच्या प्रत्येक नोकरीच्या आणि व्हिसाच्या अर्जात त्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर येणारच.

मायदेशात दोन्ही पदव्यांना मान्यता मिळेल?

दोन्ही संस्था आपापल्या देशात मान्यताप्राप्त असतील आणि जोडअभ्यासक्रम औपचारिक करारावर चालत असेल तर सहसा अडचण येत नाही. एकाच कालावधीत घेतलेल्या दोन स्वतंत्र पदव्यांच्या वेळी मात्र प्रश्न विचारले जातात, विशेषतः सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकपदासाठी. मान्यता देणाऱ्या संस्थेला प्रवेशाआधीच विचारा. जोडअभ्यासक्रमाच्या कराराची प्रत किंवा विद्यापीठाचं त्याबद्दलचं पत्र शिकत असतानाच मागून ठेवा, कारण दहा वर्षांनी ते कार्यालय आणि तिथली माणसं दोन्ही बदललेली असतात.

मध्येच एक पदवी सोडावी लागली तर?

आधी हे ऐका: सोडणं म्हणजे हार नाही. दोन अर्धवट ठेवण्यापेक्षा एक नीट पूर्ण करणं हा शहाणा निर्णय आहे, आणि तो जितक्या लवकर घ्याल तितकं नुकसान कमी. प्रत्येक सत्रात विषय सोडण्याची एक अंतिम तारीख असते. त्याआधी सोडलेला विषय बहुतेक ठिकाणी ट्रान्सक्रिप्टवर नापासाचा शिक्का न घेता निघतो आणि फीचा काही भागही परत मिळू शकतो.

व्हिसा ज्या पदवीवर आहे ती शक्यतो सोडू नका. तीच सोडायची वेळ आली तर आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा आणि नंतर विभागाला कळवा, कारण नोंदणी रद्द झाल्यावर कागदपत्रं दुरुस्त करायला फारच थोडे दिवस मिळतात.

जोडअभ्यासक्रमातून एक पदवी सोडणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. तिथे प्रत्येक पदवीची क्रेडिट कमी केलेली असतात ती दोन्ही पूर्ण होतील असं धरून. एक सोडली की ती सवलत जाऊ शकते, आणि उरलेल्या पदवीसाठी एखादं जादा सत्र आणि त्याची फी पदरात येते. म्हणून प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाला ईमेल करून विचारून ठेवा: एकच पदवी घेऊन बाहेर पडायचं झालं तर किती क्रेडिट लागतील, किती महिने लागतील, आणि तोपर्यंत माझी व्हिसाची कागदपत्रं कोण देईल?